तांब्याभर पाणी

किडनी काढून दिल्यावर आत पोकळ वाटतं का, असं परवा गिरणीत एका बाईनं मला विचारलं. कमरेवर दळणाचा डबा आणि नजर थेट माझ्या पोटावर. मी म्हटलं, "वाटतंय की. वारा सुटला की आत शिट्टी वाजते." ती बिचारी खरंच कान देऊन ऐकायला लागली. मग मलाच हसू आवरेना. तिची ज्वारी मी नंबर नसताना आधी दळून दिली.

लोक विचारतात, विचारू देत. सुरुवातीला मला राग यायचा. कुणी विचारायचं, भावानं बदल्यात काय दिलं? कुणी सांगायचं, आता तुम्ही उपास धरायचा नाही, उन्हात जायचं नाही, रागवायचं तर अजिबात नाही. रागवायचं नाही म्हटलं की मी तिथंच रागवायची. आता ज्याला जसं झेपेल तसं उत्तर देते. पण मला स्वतःला त्या सगळ्यातलं आठवतं ते पाणी. ऑपरेशन, टाके, सलाईन हे सगळं नंतर.

आमची पिठाची गिरणी आहे, कोल्हापूर संपून गगनबावड्याचा रस्ता सुरू होतो त्या अंगाला. पुढच्या खोलीत गिरणी आणि चटणी कांडपाचं मशीन, मागं बसायउठायचा सोपा, सोप्याच्या कोपऱ्यात मोरी आणि पलीकडं स्वयंपाकघर. गिरणीत उभं राहिलं की दारातनं मोरी सरळ दिसते. लग्न होऊन आल्यापासून त्या घरघरीत बोलून बोलून माझा आवाज मोठा झालाय. नवख्या माणसाला वाटतं मी भांडतेय. कधीकधी भांडतही असते, पण त्यासाठी वेगळा आवाज चढवावा लागत नाही.

घरात राज्य सासूबाईंचं. त्यांना मी आत्ती म्हणते. आत्तीचा एक नियम आहे, आलेल्या माणसापुढं आधी पाण्याचा तांब्या. "या, बसा" नंतर. मीटर बघायला आलेला असो नाहीतर सोयरीक घेऊन आलेले पाहुणे असोत, आधी तांब्या, त्यावर पालथा पेला, मग बाकीचं. नवी नवरी असताना मी एकदा आधी चहा ठेवला आणि पाणी विसरले, तर आत्ती पाहुण्यांच्या देखतच म्हणाली, "आमच्या सुनंच्या माहेरात हीर आटलीया वाटतं." माझ्या माहेरात दोन विहिरी होत्या, पण तेव्हा मला असं बोलायला येत नव्हतं.

अशा घरात माझा सख्खा भाऊ यायचा आणि त्याच्यापुढं पाणी ठेवायचं नाही, अशी वेळ आली.

भाऊ माझ्यापेक्षा धाकटा. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीनवर कामाला. घर पण त्याच बाजूला. बायको, दोन पोरी, सगळं नीट चाललेलं. त्याचं डोकं दुखायचं. दुखलं की मेडिकलमधनं गोळी आणायची आणि चहाबरोबर टाकायची, ड्युटीवर जायचं. अशा किती गोळ्या त्यानं टाकल्या देव जाणे. मी एकदा म्हटलं होतं, डॉक्टरला दाखव. तो म्हणाला, "आक्का, डोकंच हाय, दुखणारच की." पुढं एका सकाळी तोंड सुजून आलं, पाय सुजले, दम लागायला लागला. तपासलं तर रक्तदाब आभाळाला भिडलेला आणि दोन्ही किडन्या कामातनं गेलेल्या. मग डायलिसिस सुरू झालं. त्याच्या सुया टोचायला हातात शीर जोडून घेतली, ती अखंड थरथरायची. मी एकदा बोट लावून बघितलं तर आमच्या गिरणीच्या मोटारीवर हात ठेवल्यासारखं वाटलं. परत लावलं नाही.

डायलिसिसच्या माणसाला लघवी होत नाही, म्हणून पाणी मोजून. चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं त्या मापात बसवायचं. जास्त झालं की ते अंगात साठतं, फुप्फुसात चढतं, आणि मग धावत दवाखाना. हे आम्हाला कळायला वेळ लागला. तोवर तो दोनदा तसा जाऊन आलेला.

एक उन्हाळा मला विसरता येत नाही. चटणीचे दिवस, गिरणीपुढं मिरचीच्या पिशव्यांची रांग, घरभर तिखटाचा खकाणा. भाऊ डायलिसिस करून घरी जायच्या आधी वाट वाकडी करून आमच्याकडं जरा टेकला. आत्तीनं सवयीनं तांब्या पुढं केला. मी गिरणीतनं ओरडणार तेवढ्यात त्यानं तो घेतला आणि उठून मोरीत गेला. तोंडात घोट घेतला, गाल फुगवून डोळे मिटून तसाच उभा राहिला, किती तरी वेळ. मग थुंकला. परत घोट, परत तसाच उभा, परत थुंकला. एक थेंब पोटात जाऊ न देता त्यानं अख्खा तांब्या असा संपवला. मग तोंड पुसून बाहेर आला आणि आत्तीला म्हणाला, "लई बरं वाटलं बगा, मावशी."

त्या दिवसापासनं आत्तीनं त्याच्यापुढं तांब्या ठेवला नाही. तो यायचा म्हटलं की ती माठ दाराआड सरकवायची. आम्हाला कुणाला तहान लागली तर स्वयंपाकघरात जाऊन, त्याच्याकडं पाठ करून प्यायचं. माझ्या पोरांना सुद्धा तिनं तसं बजावून ठेवलेलं. मीही तशी प्यायची, आणि ते पाणी मला गोड लागायचं नाही. तो मात्र आला की आपणहून मोरीत जायचा, नळाखाली ओंजळ धरायचा आणि चूळ भरून उभा राहायचा. मी गिरणीतनं बघायची आणि मिरचीचं निमित्त करून डोळे पुसायची.

किडनी कुणी द्यायची हे ठरवायला फार काही नव्हतंच. वडील नाहीत. आईला साखर. भावजयीनं सगळ्यांच्या आधी हात वर केला, तर तिचा रक्तगट जुळेना. पोरी लहान. राहिले मी. माझा गट जुळला. मी घरी येऊन सांगितलं, "मीच देणार." आमचे मालक, म्हणजे आत्तीचा लेक, मितभाषी. मोटारीचा पट्टा बदलत होते, तो आधी नीट बसवला. मग म्हणाले, "दे. दळणाचं मी बघतो." एवढंच. मला वाटलं होतं भांडावं लागेल, मी तयारीत आलेले, ती सगळी तयारी वाया गेली.

आत्ती मात्र अडून बसली. "तुला काय झालं तर माझ्या लेकानं कुणाच्या तोंडाकडं बगायचं?" हे ती रोज कुठून तरी बोलण्यात आणायची. भाकरी थापताना, भांडी लावताना. मी चिडायची, पण तिचं चुकत होतं असं मला कधी वाटलं नाही. तिनं तिचा लेक बघायचा, मी माझा भाऊ बघायचा. दोघींचं बरोबर होतं, म्हणून तर भांडण मिटेना.

दवाखान्यात तपासण्या सुरू झाल्या. रक्त, लघवी, फोटो, हृदय, फुप्फुस. माझी कधी एवढी तपासणी झाली नव्हती, अगदी लग्नाच्या वेळी सुद्धा नाही. मोठ्या तपासणीच्या आधी भावजय म्हणाली, "वन्सं, तुम्ही आठवडाभर माझ्याकडं या राहायला. दवाखाना जवळ पडतोय आणि जरा तुमचं खाणंपिणं मला बगू द्या." दवाखान्यातल्या मॅडमनी सांगून ठेवलं होतं, जेवण हलकं ठेवा.

आता हलकं म्हणजे काय, हे गावागावावर असतं. आमच्याकडं मटण शिजवताना सुटलेलं पाणी असतं, त्याला आळणी म्हणतात. तिखट नाही, मसाला नाही, हळद, मीठ आणि आलं-लसणाचा वास. बाळंतिणीला आळणी, तापातनं उठलेल्याला आळणी, तालमीतल्या पोरांना वाट्यावर वाट्या. आमच्या लेखी जगात याच्याएवढं हलकं आणि ताकदीचं दुसरं काही नाही. भावजयीनं रोज ताजं मटण आणून शिजवलं. सकाळी आळणी, संध्याकाळी आळणी, आणि त्यातले मऊ तुकडे नुसते मिठावर, कारण तिखट जड पडतं म्हणून. भाकरी पण अर्धीच वाढायची, हलकं ठेवायचं ना. मी म्हणायची, बास की गं. ती म्हणायची, "खावा वन्सं, एवढं अंगातनं काढून देणार, तर अंगात काहीतरी पायजे." मीही खाल्लं. माहेरची बाई आणि समोर आळणी, नाही कोण म्हणणार.

रिपोर्ट आले आणि डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. ते म्हणाले, "तुमचं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतंय."

हा शब्द मला भावाच्या आजारानं पाठ झालेला. तो वाढला की किडनी हरतेय, इतकं कळत होतं. मी विचारलं, म्हणजे काय? ते म्हणाले, "पुन्हा तपासू. पुन्हा असंच आलं तर तुमची किडनी आम्हाला घेता येणार नाही. मग तुमचीच जपावी लागेल."

मी सोडून दुसरं कुणी नव्हतं. मी नाही तर भाऊ आयुष्यभर त्या मशीनला बांधलेला, आणि ते आयुष्य किती हेही कुणी सांगत नव्हतं. डॉक्टर कागद उलटत म्हणाले, "मांसाहार करता का?"

"करतो की. कोल्हापूरचेच आहोत."

"काल काय जेवलात?"

"काल काही नाही, हलकंच. आळणी."

डॉक्टर बाहेरगावचे होते. म्हणाले, आळणी म्हणजे? मी म्हटलं, मटणाचं पाणी. आणि मटण? तेही, पण बिनतिखटाचं. किती दिवस? मी भावजयीकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत म्हणाली, "आठवडाभर. दोन्ही टायमाला."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हसू दाबतायत की राग, मला कळेना. ते म्हणाले, शिजलेलं मटण भरपूर खाल्लं की हा आकडा वर जाऊ शकतो. "त्यानंच वाढलंय असं मी आज म्हणणार नाही. कदाचित त्यानं असेल, कदाचित खरंच किडनीचं असेल. आता आठवडाभर मटण, चिकन, मासे काही नको. मग परत रक्त द्या, बघू."

बाहेर आल्यावर मी भावजयीवर जी तुटून पडले ती दवाखान्याच्या फाटकापर्यंत. माझ्या आवाजाला गिरणीची सवय, फाटकावरचा वॉचमन उठून उभा राहिला. "मटण घालून घालून माझ्या भावाला मारतीस काय गं?" असं मी म्हटलं. ती कधी उलटं बोलणारी नाही. त्या दिवशी बोलली. "वन्सं, तुम्ही माझ्या घरातलं जाणारं माणूस राखायला निघालायसा. तुमच्या ताटात मी आमटी-भात वाढू व्हय?"

समोर चहाचा गाडा होता. मी दोन चहा सांगितले. तिनं पदर तोंडाला लावलेला, चहा निवून गेला तरी प्याली नाही. मग मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, चल, घरी दुधी असेल तर बघू. त्या आठवड्यात आम्ही किती दुधी खाल्ला असेल विचारू नका. त्यातच दोन दिवसांनी मी परत माझ्या घरी आले तर इकडं आत्तीनं पण स्वतःहून मटण बंद केलेलं. रविवारी गल्लीत सगळ्या घरांतनं फोडणीचा वास आला आणि आम्ही खिडक्या लावून गवारी निवडत बसलो.

तो आठवडा माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट. मला भीती वाटत होती. ऑपरेशनची नाही. डॉक्टर नाही म्हणतील याची. दळण दळताना मनात एकच, माझं रक्त चांगलं निघू दे. आत्ती एकदा म्हणाली, "देवालाच नको आसंल तर?" मी म्हटलं, देवाला नको असतं तर त्यानं माझा गट तरी कशाला जुळवला. त्याच दिवशी भाऊ आला, डायलिसिस करून, चेहरा पांढराफटक. म्हणाला, "आक्का, न्हाय जमलं तर ऱ्हाऊ दे. माझ्यापायी तुला कापायचं, मला तरी कुटं गोड वाटतंय." मी म्हटलं, तू तुझं बघ. तो उठला, मोरीत गेला, ओंजळ धरली, चूळ भरून उभा राहिला. आत्ती सोप्यात बसून त्याच्याकडं बघत होती. तो गेल्यावर तिनं माठ परत जागेवर सरकवला. मग मला म्हणाली, "ते रगात परत कवा द्यायचंय?" मी सांगितलं. "मी येतो तुझ्यासंगं," ती म्हणाली. आमच्याकडं जुन्या बायका येतो-जातोच म्हणतात. आत्ती माझ्याबरोबर रिक्षातनं आली, सुई टोचताना शेजारी उभी राहिली आणि नळीतलं रक्त बघून म्हणाली, "लालभडक हाय की. ह्यात काय खोट आसणार."

रिपोर्टचा फोन आला तेव्हा दोन्ही मशीन चालू होती. फोन डाळीच्या डब्यावर थरथरत होता, तो मालकांनी बघितला. त्यांनी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. एकदम सगळं गप्प झालं, पट्टा तेवढा सळसळत थांबला. रांगेतल्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. फोनवर मॅडम होत्या. म्हणाल्या, "अगदी नॉर्मल आलंय. तुमच्या मटणाचाच प्रताप होता तो." मी हो हो म्हणत राहिले आणि पिठाच्या पोत्यावर बसले. मला रडायला आलं, चांगलं हुंदके देऊन, सगळ्यांच्या समोर. एक म्हातारी म्हणाली, "काय झालं गं, कोण गेलं का काय?" मी म्हटलं, "न्हाय आज्जी, राहिलं." पहिला फोन मी भावाला नाही, भावजयीला लावला. ती म्हणाली, "वन्सं, आता मी तुम्हाला मटण कवाच घालणार न्हाय." मी म्हटलं, असं कसं, ऑपरेशन झाल्यावर बघू.

मग परवानगी देणारी कमिटी. किडनी देणाऱ्याला एकटीला आत घेऊन विचारतात, समोर कॅमेरा लावतात. पैसे घेतलेत का, कुणी धमकावलंय का. मला आधी अपमान वाटला, मग वाटलं, विचारतात ते बरंच आहे, कितीजणींना कुणी विचारतच नसेल. एका साहेबांनी विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?" मी म्हटलं, "साहेब, बाहेर माझे मालक बसलेत, त्यांना विचारा माझ्यावर कुणाचा दबाव चालतो का." नंतर त्यांनी मालकांना खरंच आत बोलावलं आणि संमतीचं विचारलं. हे म्हणाले, "तिनं ठरवलंय म्हटल्यावर माझी असणारच की." कमिटीतल्या बाई हसल्या. आमचं काम झालं.

ऑपरेशनच्या सकाळी आम्हा दोघांना हिरवे कपडे घालून जवळजवळ आणलं. भाऊ स्ट्रेचरवरनं म्हणाला, "आक्का, अजून येळ हाय, पळून जा." मी म्हटलं, "ह्या कपड्यात कुठं जाऊ, मागनं सगळं उघडं हाय." तो हसला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतनं पाणी आलं. मी म्हटलं, ते पण मापात धरतील बघ. नर्सनं माझं स्ट्रेचर ढकललं. दारातनं आत जाईपर्यंत मला त्याचा हात दिसत होता, शिरेची गाठ असलेला.

शुद्धीवर आले तेव्हा तोंड कोरडं, घसा खरवडलेला. मालक उशाशी होते. मी विचारलं, "झाली का त्याला?" माझा आवाज कसा ते सांगितलंय. सगळ्या खोलीनं ऐकलं. नर्स म्हणाली, मावशी, हळू. मालक वाकून म्हणाले, "झाली. टेबलावरच सुरू झाली. नळ सोडल्यागत चाललीया."

मी सुटले. याहून दुसरा शब्द नाही. अंगावरनं पोतं उतरवावं तसं झालं. माणसाच्या लघवीसाठी एवढा आनंद होऊ शकतो हे मला त्याआधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी तशीच परत झोपले, आणि फार दिवसांनी गाढ झोपले.

त्रास झाला, नाही कसा. पण गंमत अशी की कापलं पोटाला आणि दुखायला लागला खांदा. ऑपरेशनला पोटात हवा भरतात, ती वर जाऊन खांद्याला लागते म्हणे. मी दोन दिवस खांद्यावरून सगळ्यांना बोलून घेतलं. भाऊ वेगळ्या खोलीत, कुणाला आत सोडत नव्हते. मला चालवायला लागले तेव्हा मी भिंत धरत धरत काचेपर्यंत गेले. तो पलीकडं बसलेला, तोंडाला मास्क. त्यानं खाटेला लटकवलेली लघवीची पिशवी उचलून मला दाखवली, भरलेली, पोरानं शर्यतीतलं बक्षीस दाखवावं तशी. मी हात जोडले. कुणाला, ते मला पण माहीत नाही.

घरी आल्यावर मला वजन उचलायला बंदी. दळणाचे डबे आत्ती पुढं होऊन गिऱ्हाइकांकडनंच उचलून घ्यायची. "हातपाय धड हायत न्हवं तुमचं? मग घाला की वर," असं म्हणून. मला कुणी शाबासकी दिली, कुणी हार आणला. आत्तीकडनं सकाळी उठायच्या आत माझ्या उशाशी पाणी असायचं, पेल्यानं झाकलेलं. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्या सांगितलं होतं ते तिनं एकटीनंच मनावर घेतलेलं.

भावाला बरेच महिने घराबाहेर पडायचं नव्हतं. फोन यायचा. एकदा म्हणाला, "आक्का, जुन्या दोन काढल्याच न्हाईत, तिथंच हायत. म्हंजे माझ्यात तीन आणि तुझ्यात एक. तुला लुटलं की गं." मी म्हटलं, दोन बिनकामाच्या आहेत, तुझ्यासारख्या. भावजय मागनं हसत होती. ती हसतेय हे ऐकूनच मला बरं वाटलं.

शेवटी डॉक्टरांनी परवानगी दिली आणि तो पहिल्यांदा आमच्याकडं आला. मी गिरणीत होते, हरभऱ्याची डाळ दळायला घातलेली, चार-पाच बायका रांगेत. मास्क लावून, बायकोला घेऊन तो माझ्या समोरून आत गेला. चालणं बदललेलं. चेहऱ्याला रंग आलेला. मला हातानंच बस म्हणून खुणावलं, म्हणजे मी दळण टाकून येऊ नये म्हणून.

दारातनं मला सगळं दिसत होतं. तो सोप्यात बसला, मास्क काढला. आत्ती स्वयंपाकघरातनं आली. हातात तांब्या, त्यावर पेला पालथा. पाणी तिनं सकाळीच उकळून गार करून ठेवलेलं, तो आजाराला जपतोय म्हणून. तिनं तांब्या त्याच्या हातात दिला. तो तांब्या घेऊन उठला आणि सरळ मोरीत गेला.

सवय, दुसरं काय. मोरीत उभा राहून त्यानं घोट घेतला, गाल फुगवले, डोळे मिटले. आणि थुंकायला वाकला.

माझा हात डाळीच्या डब्यावर तसाच राहिला. भावजय उठून उभी राहिली. आत्ती त्याच्या मागं गेली आणि त्याच्या पाठीला हात लावून म्हणाली, ते मला मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही, तिच्या ओठांवरनं कळलं. "गिळा की पावणं."

तो वाकलेला तसाच राहिला. मग सरळ झाला. आणि त्यानं ते पाणी गिळलं. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आलेली मला गिरणीतनं दिसली. त्यानं आत्तीकडं बघितलं. मग तांब्या उचलून तोंडाला लावला.

मी बटण बंद केलं. पट्टा सळसळत थांबला, घर गप्प झालं, आणि मागनं घटाघटा आवाज यायला लागला.

"का ओ, लाईट गेली काय?" रांगेतली एक बाई म्हणाली.

"न्हाय," मी म्हटलं. "थांबा जरा. माझा भाऊ पाणी पितोय."